हृदयरुग्ण स्त्रिया : मनावरील ताण आणि माणसांचा आधार

हृदयविकार हा प्रामुख्याने पुरुषांचा, त्यातही धावपळ करणाऱ्या आणि सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा आजार होय, अशी समजूत आपल्या समाजात दीर्घकाळ रूढ आहे. वस्तुस्थिती तशी नाही. हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार हे जगभरातील स्त्रियांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण आहे. तरीही घरातील कर्त्या पुरुषाच्या छातीत कळ आली की मध्यरात्री गाडी काढली जाते, आणि त्याच घरातील बाईला दम लागला, तर ‘पित्त झाले असेल’, ‘जागरण झाले असेल’ असे म्हणून सकाळ होण्याची वाट पाहिली जाते. पुष्कळदा हा निर्णय ती स्वतःच घेते.

अँजिओप्लास्टी, बायपास शस्त्रक्रिया, रक्त पातळ ठेवणारी व कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधे यांमुळे हृदयविकाराच्या झटक्यातून वाचणाऱ्या स्त्रियांची संख्या निश्चितच वाढली आहे. परंतु घरी जाताना हाती पडणाऱ्या डिस्चार्ज कार्डावर औषधांची नावे, पथ्ये आणि पुढील तपासणीची तारीख एवढेच असते. ती स्त्री ज्या घरी परतणार, त्या घराविषयी त्यावर एकही ओळ नसते. प्रस्तुत लेखाचा विषय ही न लिहिलेली ओळ होय. मनावरील ताण हलका करणे व माणसांचा आधार मिळवून देणे हा हृदयरुग्ण स्त्रीच्या उपचाराचाच भाग आहे. मात्र तो केवळ सद्भावनेने साधत नाही. औषधाप्रमाणेच त्याची वेळ, मात्रा आणि पद्धत ठरवावी लागते, हे येथे सांगावयाचे आहे.

स्त्रियांच्या हृदयविकाराची काही वैशिष्ट्ये

सन २००४ मध्ये ‘इंटरहार्ट’ या ५२ देशांत केलेल्या विस्तृत पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या हृदयविकाराच्या झटक्याचा बहुतांश धोका नऊ घटकांनी स्पष्ट होतो, असे तीत आढळले. धूम्रपान, उच्च रक्तदाब, मधुमेह, रक्तातील चरबीचे बिघडलेले प्रमाण, पोटाचा वाढलेला घेर, मद्य, आहारातील भाज्या-फळांचा अभाव, व्यायामाचा अभाव या परिचित घटकांच्या जोडीला नववा घटक होता तो मानसिक व सामाजिक ताणाचा. स्त्रियांना पहिला झटका पुरुषांपेक्षा सरासरी नऊ वर्षे उशिरा येतो आणि उच्च रक्तदाब व मधुमेह यांचा उपद्रव त्यांना पुरुषांहून अधिक होतो, हेही त्या पाहणीतून दिसले. तिच्यातील दक्षिण आशियाई रुग्णांचे स्वतंत्र विश्लेषण २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार आपल्या भागातील रुग्णांना पहिला झटका इतर देशांतील रुग्णांच्या तुलनेत सुमारे सहा वर्षे आधी येतो.

लक्षणांच्या बाबतीतही फरक आहे. छातीत दुखणे हे स्त्रियांमध्येही मुख्य लक्षण आहेच. परंतु त्याच्याबरोबर, आणि कधी कधी त्याच्याविनाही, धाप लागणे, मळमळ, घाम, जबड्यात, पाठीत किंवा दंडात दुखणे, आणि कारण कळू नये असा थकवा ही लक्षणे त्यांच्यात अधिक आढळतात. काही स्त्रियांच्या मुख्य धमन्यांत मोठा अडथळा दिसत नाही. दोष अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांत असतो. अशा वेळी ‘अँजिओग्राफी नॉर्मल आहे, सगळे मनाचे खेळ आहेत’ असे म्हणून विषय बंद करणे तिच्यावर अन्याय करणारे आहे. वरील लक्षणे अचानक उद्भवल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावावी. सकाळची वाट पाहू नये.

ताण हृदयापर्यंत कसा पोहोचतो?

‘मनाला लावून घेतले म्हणून हृदयाला लागले’ असे आपण बोलण्याच्या ओघात म्हणतो. त्यामागे शरीरशास्त्राचा स्पष्ट आधार आहे. भीती, संताप किंवा काळजी यांची जाणीव झाली की अॅड्रिनलिन व कॉर्टिसोल ही संप्रेरके रक्तात वाढतात. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. प्रसंग टळल्यावर हे सारे पूर्ववत व्हावयास हवे. परंतु काळजी रोजचीच असेल, तर शरीराला पूर्ववत होण्याची उसंतच मिळत नाही. रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराला सूज राहते, झोप बिघडते, साखर वाढते. थकलेल्या मनाला चालायला जाण्याचा व औषध वेळेवर घेण्याचा उत्साह राहत नाही. म्हणजेच ताण थेट रक्तवाहिन्यांवर घाव घालतो आणि सवयींच्या आडवाटेनेही घालतो.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे १९९० मध्ये जपानमधील डॉक्टरांनी प्रथम वर्णन केलेला ‘ताकोत्सुबो’ हा विकार. जवळच्या माणसाचा मृत्यू किंवा तत्सम तीव्र आघातानंतर हृदयाचा डावा कप्पा फुग्यासारखा फुगतो आणि त्याचे आकुंचन मंदावते. तेथील कोळी अष्टपाद पकडण्यासाठी अरुंद तोंडाचे मडके वापरतात. कप्प्याचा आकार तसा दिसतो, म्हणून हे नाव पडले. या विकाराच्या रुग्णांपैकी सुमारे नव्वद टक्के स्त्रिया असतात, आणि त्यांतील बहुतेकींची रजोनिवृत्ती झालेली असते. प्रत्येक ताण असा एका दिवसात दिसून येत नाही. परंतु मनाचा आघात हृदयाच्या स्नायूवर उमटतो, याविषयी शंका उरू नये.

घर : विश्रांतीचे ठिकाण की कामाचे?

हृदयविकाराच्या झटक्यानंतर पुरुषाला ‘घरी जाऊन विश्रांती घ्या’ असे सांगितले, तर त्या सल्ल्याला अर्थ असतो. स्त्रीला तोच सल्ला दिला, तर तिला कामाच्या ठिकाणी परत पाठविल्यासारखे होते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया दररोज सरासरी २९९ मिनिटे बिनमोल घरकामात घालवितात, तर घरकामात भाग घेणारे पुरुष ९७ मिनिटे. मुलांची व वृद्धांची शुश्रूषा यांत धरलेली नाही; तिचा हिशेब वेगळा आहे.

घरातील ताणाचा आजारावर काय परिणाम होतो, याचे शास्त्रशुद्ध उत्तर स्वीडनमधील स्टॉकहोम शहरातून मिळाले. तेथील कॅरोलिन्स्का संस्थेच्या डॉ. क्रिस्टिना ऑर्थ-गोमेर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकारामुळे रुग्णालयात दाखल झालेल्या ६५ वर्षांपर्यंतच्या २९२ स्त्रियांचा सुमारे पाच वर्षे पाठपुरावा केला आणि २००० मध्ये निष्कर्ष मांडले. ज्या स्त्रियांच्या वैवाहिक जीवनात तीव्र ताण होता, त्यांना हृदयविकाराचा पुन्हा त्रास होण्याचा धोका इतर विवाहितांच्या जवळजवळ तिप्पट होता. नोकरीतील ताणाचा मात्र असा परिणाम आढळला नाही. स्वीडनसारख्या देशात, जेथे बहुसंख्य स्त्रिया अर्थार्जन करतात, तेथेही घरातील ताण हृदयाला अधिक जड गेला, ही बाब आपण लक्षात घ्यावयास हवी. एकत्र कुटुंब, दोन पिढ्यांची उस्तवार आणि ‘बाईने दुखणे अंगावर काढावे’ ही शिकवण यांत वाढलेल्या आपल्याकडील स्त्रीला तर हा निष्कर्ष समजावून सांगण्याचीही गरज पडू नये.

आधार म्हणजे नेमके काय?

‘आमच्याकडे माणसांची काय कमी आहे?’ असा प्रश्न नातेवाईक विचारतात, आणि तो प्रामाणिक असतो. परंतु घरातील माणसांची संख्या आणि आधार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधाराचे साधारणपणे तीन प्रकार मानता येतील. पहिला मनाचा आधार : आपले म्हणणे उपदेश न करता ऐकून घेणारे कोणी असणे. दुसरा हाताचा आधार : पाणी भरणे, बाजारहाट, स्वयंपाक, दवाखान्यात सोबत येणे. तिसरा माहितीचा आधार : कोणते दुखणे काळजीचे, कोणते नाही, खर्चाची सोय कशी होईल, हे सांगणारे कोणी असणे. दहा माणसांच्या घरातही एखाद्या स्त्रीला यांपैकी एकही आधार नसू शकतो, कारण त्या दहांच्या आधाराचे काम तीच करीत असते.

खर्चाची चिंता हा ताणाचा मोठा भाग असतो. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी दहा टक्के व आर्थिकदृष्ट्या दुर्बल रुग्णांसाठी दहा टक्के खाटा राखीव असतात, तसेच शासनाची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. दाखल होतानाच समाजसेवा विभागाने ही माहिती रुग्णेला व कुटुंबाला समजेल अशा भाषेत दिली, तर मंगळसूत्र गहाण टाकण्याच्या विचाराने उडालेली झोप परत येऊ शकते. हाही हृदयावरचाच उपचार होय.

चांगला हेतू पुरेसा नसतो

आधाराने आजार सुधारत असेल, तर प्रत्येक रुग्णाला समुपदेशन द्यावे आणि प्रश्न मिटवावा, असे कोणालाही वाटेल. तसे प्रयोग झाले आहेत. कॅनडातील मॉन्ट्रिअल येथील एका अभ्यासात १,३७६ रुग्णांपैकी निम्म्यांना झटक्यानंतर वर्षभर दर महिन्यास दूरध्वनी करण्यात येई आणि ज्यांचे मन अस्वस्थ आढळे, त्यांच्या घरी परिचारिका जात. १९९७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकंदर मृत्यूंचे प्रमाण घटले नाही. उलट, भेटी मिळालेल्या स्त्रियांमध्ये मृत्यू काहीसे अधिकच आढळले, जरी हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक नव्हता. अमेरिकेत २,४८१ रुग्णांवर झालेल्या ‘एनरिच्ड’ या चाचणीत नैराश्य कमी झाले, आधाराची जाणीव वाढली. परंतु २००३ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार आयुर्मानात फरक पडला नाही.

या अपयशांमुळे हा विषय सोडून देण्याचे कारण नाही. स्त्री-पुरुष, सर्व वयाचे, सर्व परिस्थितींतील रुग्ण यांना एकच साचा लावून भागत नाही, हे मात्र त्यांतून उमगते.

स्टॉकहोममधील लहान गटांचा प्रयोग

डॉ. ऑर्थ-गोमेर यांनी केवळ स्त्रियांसाठी वेगळा कार्यक्रम आखला. झटका, अँजिओप्लास्टी किंवा बायपास यांसाठी दाखल झालेल्या, ७५ वर्षांपर्यंतच्या २३७ स्त्रियांची चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे दोन भागांत विभागणी करण्यात आली. सर्वांना नेहमीचे वैद्यकीय उपचार मिळालेच. त्यांपैकी ११२ जणींना शिवाय चार ते आठ स्त्रियांच्या लहान गटांत बोलावले गेले. सुरुवात रुग्णालयातून घरी गेल्यावर चार महिन्यांनी झाली, म्हणजे पहिली घबराट ओसरल्यावर आणि नेहमीच्या जीवनाचे प्रश्न पुन्हा समोर उभे राहिल्यावर. वर्षभरात वीस बैठका झाल्या. त्यांत आजाराची माहिती, शिथिलीकरणाचा सराव, स्वतःच्या ताणाचे निरीक्षण, विचारांची फेरतपासणी, आणि घर व नोकरी येथील अडचणींना तोंड देण्याचे मार्ग यांचा समावेश होता.

सरासरी सात वर्षांनंतर पाहता, केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्या १२५ स्त्रियांपैकी २५, म्हणजे २० टक्के, मृत्यू पावल्या होत्या. गटातील ११२ स्त्रियांपैकी ८, म्हणजे ७ टक्के. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. वेगळ्या शब्दांत सांगावयाचे, तर आठ स्त्रियांचा एक गट वर्षभर चालविला की पुढील सात वर्षांत साधारण एक मृत्यू टळला. अभ्यास एकाच शहरातील व लहान होता, म्हणून या आकड्याला अंतिम शब्द मानू नये. परंतु २०११ मध्ये स्वीडनमधीलच उपसाला येथे ३६२ स्त्री-पुरुष रुग्णांवर वर्षभर वीस बैठकांचाच कार्यक्रम राबविला गेल्याचे व त्यांत हृदयविकाराचा पुन्हा त्रास होण्याचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी झाल्याचे प्रसिद्ध झाले. लहान गट, पुरेसा काळ, आणि बोलण्याबरोबर शिकणे या गोष्टी दोन्हीकडे समान होत्या.

गटात काय शिकावे? काही नमुने

*शिथिलीकरण.* अमेरिकन वैद्य एडमंड जेकबसन यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात विकसित केलेली पद्धत सोपी आहे. खुर्चीत टेकून बसावे. पायांचे स्नायू पाच-सहा सेकंद हलकेच आवळावे आणि मग सैल सोडावे. सैल झाल्याची जाणीव पंधरा-वीस सेकंद अनुभवावी. याच क्रमाने पोट, मुठी, खांदे, जबडा, कपाळ यांकडे यावे. श्वास सहज चालू द्यावा. तो रोखून धरू नये. जोर लावू नये. छातीत दुखल्यास किंवा चक्कर आल्यास त्वरित थांबावे. दिवसातून एकदा दहा मिनिटे पुरेशी आहेत, पण ती रोज हवीत.

*ताणाची वही.* वहीच्या पानावर तीन रकाने आखावेत : काय घडले, मनात काय आले, शरीराला काय झाले. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी बैठकीत सांगावे, दुसरीने लिहावे. दोन-तीन आठवड्यांत आपला ताण कोणत्या वेळी व कोणत्या प्रसंगी वाढतो, हे उमगू लागते.

*विचारांची फेरतपासणी.* समजा, गौरी जेवणाचा दिवस आहे. मनात येते : ‘मी केले नाही तर सणाला कमीपणा येईल, लोक काय म्हणतील?’ गटात प्रश्न विचारला जातो : खरोखर कोण काय म्हणाले होते? मागील वर्षी जाऊबाई आजारी असताना आपण त्यांना काय म्हणालो होतो? दुसऱ्या स्त्रीला आपण जी सवलत सहज देतो, ती स्वतःला का देत नाही? मग निर्णय होतो : ‘पुरणाचा स्वयंपाक सूनबाई व लेक करतील, मी बसून वाटली डाळ फोडणीला घालीन.’ हा बदल लहान दिसतो, परंतु असे बदल सुचविणारी बाई त्याच वाटेने गेलेली असते, म्हणून तो पटतो.

*नकार देण्याचा सराव.* ‘नाही’ हा शब्द उद्धटपणा न करता कसा उच्चारावा, हे एकमेकींसमोर बोलून पाहावे. अनेक स्त्रियांच्या आयुष्यातील तो पहिलाच सराव असतो.

कुटुंबीयांसाठी

पुढील गोष्टी प्रत्येक घरात, एक पैसाही खर्च न करता करता येतील.

१. ‘काम सांग, करतो’ असे म्हणू नये. काम ठरवून घ्यावे. रोजचे पाणी कोण भरणार, सकाळचा चहा कोण करणार, हे तिला न विचारता नेमून टाकावे.

२. तपासणीच्या दिवशी घरातील एकाने सोबत जावे आणि डॉक्टरांचे बोलणे स्वतः ऐकावे. पतीने जाणे उत्तम.

३. तिच्या चालण्याची वेळ इतर औषधांप्रमाणे पाळावी. त्या अर्ध्या तासात तिला हाक मारू नये.

४. ‘तू काळजी करू नकोस’ एवढे म्हणून थांबू नये. काळजी कशाची आहे ते विचारावे आणि पूर्ण ऐकून घ्यावे.

५. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, निद्रानाश, कशातच रस न वाटणे, जगण्याचा कंटाळा अशी लक्षणे दिसल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे. नैराश्यावर उपचार आहेत. शासनाच्या ‘टेलि-मानस’ या सेवेचा १४४१६ हा क्रमांकही उपलब्ध आहे.

६. मन शांत झाले म्हणून औषधे बंद करू नयेत. गट, प्राणायाम, भजन यांपैकी काहीही औषधाची जागा घेत नाही.

विश्वस्त व देणगीदार यांच्यासमोर

आपल्याकडे स्त्रियांनी एकत्र येण्याची परंपरा नवी नाही. भिशी, बचत गट, भजनी मंडळ, हळदीकुंकू या साऱ्यांत आधाराचा धागा आहेच. तेथे जाण्यास घरातून मज्जाव होत नाही, हा त्यांचा मोठा लाभ. हृदयरुग्ण स्त्रियांचा गट याच परिचित रूपात उभा करता येईल. फक्त त्यास प्रशिक्षित मार्गदर्शिका आणि ठरलेला अभ्यासक्रम यांची जोड हवी. भारतातील २४ केंद्रांवर ३,९५९ रुग्णांवर झालेल्या योगाधारित पुनर्वसनाच्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. मृत्यू व पुन्हा झटका येणे यांत लक्षणीय फरक दिसला नाही, तथापि रुग्णांना स्वतःची प्रकृती अधिक बरी वाटू लागली आणि ते नेहमीच्या कामांकडे परतले. कमी खर्चात, आपल्या रुग्णालयांत असे वर्ग चालविता येतात, हे त्यातून सिद्ध झाले. मात्र त्यातही सहभागी रुग्णांत स्त्रिया थोड्याच होत्या. पुनर्वसनाच्या वर्गांना स्त्रिया कमी येतात, हा अनुभव देशोदेशींचा आहे.

त्या का येत नाहीत, याचे उत्तर बहुधा साधे असते : एस.टी.चे भाडे, बुडणारी रोजी, सोबतीला कोणी नसणे, आणि संध्याकाळचा स्वयंपाक. म्हणून बैठक दुपारची ठेवावी, प्रवासखर्च द्यावा, नातवंडाला घेऊन येण्याची मुभा असावी. आठ स्त्रियांचा गट, दोन तासांच्या वीस बैठका, म्हणजे परिचारिका किंवा समुपदेशिकेचे वर्षाला चाळीस तास. तयारी व पाठपुरावा यांसाठी तेवढेच आणखी धरावेत. एक हवेशीर खोली, सतरंजी, खुर्च्या आणि रक्तदाब मोजण्याचे यंत्र, यांपलीकडे साहित्य लागत नाही. हजेरी, औषधांची नियमितता, रक्तदाब, नैराश्याची प्रश्नावली आणि पुन्हा दाखल व्हावे लागणे, यांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी आणि ती वार्षिक अहवालात, फायदा दिसो वा न दिसो, जशी आहे तशी मांडावी. वर दिलेल्या अपयशी प्रयोगांचे मोल हेच, की त्यांनी आपले आकडे लपविले नाहीत.

यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते. परिचारिकेच्या चाळीस तासांवर ती लावता येत नाही. त्यामुळे अशा कामासाठी निधी मागताना संकोच वाटतो आणि देणाऱ्यालाही काय दिले ते दिसत नाही. तरीदेखील कॅथलॅबमधून वाचवून घरी पाठविलेली स्त्री पुढील सात वर्षे जगावी, असे वाटत असेल, तर तिच्यासाठी राखून ठेवलेले हे तासही उपचाराच्या हिशेबात धरावे लागतील. डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या यादीखाली ‘चार महिन्यांनी, दुपारी दोन वाजता, गटाच्या बैठकीस यावे’ ही एक ओळ लिहिता यावी, एवढीच या लेखाची विनंती आहे.